एएमएच कमी आहे म्हणून डीएचईए? तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

विटा-तासगाव फिरून तो मेसेज शेवटी वहिनीच्या मोबाईलवर आलाच: "एएमएच एकच्या खाली म्हणजे मूल होणार नाही. डीएचईए 75 तीन महिने घ्या, अंडी दुप्पट होतात. मिरजेला जाऊन इंजेक्शनं घेऊ नका, आहेत ती अंडीही संपतील."

पहिलं वाक्यच चूक. एएमएच ही अंड्यांच्या शिल्लक साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी) इंजेक्शनांना अंडाशय साधारण किती दाद देईल, एवढंच तिच्यावरून कळतं. अंड्यांचा दर्जा मुख्यतः वयावर ठरतो. रिपोर्टवरचं युनिटही बघा: 1 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे 7 पिकोमोल प्रति लिटर. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा तात्पुरता खाली येतो.

आता डीएचईएची गोळी. 25 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, हा डोस मेसेजवाल्याने मनाने काढलेला नाही, अभ्यासांत तोच वापरलाय. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015च्या आढाव्यात थोडा फायदाही दिसला होता, हे मान्य. पण कच्च्या चाचण्या वगळल्यावर तो ठामपणे उरला नाही, आणि 2024च्या सुधारित आढाव्यानुसार बाळ होण्याच्या प्रमाणात बहुधा फारसा फरक पडत नाही. दुप्पट कुठून आणलं?

शिवाय हे हार्मोन आहे, शरीरात त्यातून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनतं. मुरमं, हनुवटीवर केस, तेलकट त्वचा. क्वचित आवाज घोगरा होतो आणि तसाच राहतो. पीसीओएस असलेल्या बाईत पुरुषी हार्मोन आधीच जास्त असतात; तिने ऐकीव माहितीवर घेतलं तर आगीत तेल. आणखी एक घोळ कुणी सांगत नाही: रक्तातलं डीएचईए-सल्फेट (डीएचईएचंच एक रूप) वाढलं की काही मशिनवर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन खोटंच जास्त दिसतं. त्याच आकड्यावर आयव्हीएफचा गर्भ आत्ताच गर्भाशयात सोडायचा की गोठवायचा हे ठरतं. म्हणून गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच. आणि चाळिशीला टेकलेल्या बाईचे तीन महिने वाया गेले, ते कोण भरून देणार?

इंजेक्शनांनी अंडी संपत नाहीत. दर महिन्याला फॉलिकल्सचा (अंडी असलेल्या पिशव्यांचा) एक गट पुढे येतो, एक वाढतं, बाकीची सुकतात. इंजेक्शनातलं एफएसएच हार्मोन त्या सुकणाऱ्यांना वाढवतं. गटात नसलेली मात्र ते आणू शकत नाही. सोनोग्राफीत चार दिसत असतील तर 450 युनिटनेही आठ होणार नाहीत. म्हणूनच वंध्यत्व उपचारांवरच्या युरोपच्या एश्रे संस्थेच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनांत कमी प्रतिसादाच्या अंदाजावर 300 युनिटच्या वर जाण्याची शिफारस नाही. डीएचईएचीही नाही.