सिस्टरला कुणी विचारलं का?

गावाकडे ऑपरेशननंतर पेशंट दगावला की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. तोडफोड होते, डॉक्टरवर गुन्हा दाखल होतो, डॉक्टरांची संघटना ओपीडी बंद ठेवते आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एकाला डॉक्टर गजाआड हवा असतो, दुसऱ्याला तो देव वाटतो. मारहाणीला माझा ठाम विरोध आहे. पण दोन्ही तटांना थिएटरमध्ये एकटा सर्जनच दिसतो, हे मला खटकतं. आधी विदर्भात आणि आता इंग्लंडमध्ये, माझी सगळी नोकरी स्क्रब नर्स म्हणून झाली, म्हणजे ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं देणारी आणि ती मोजणारी नर्स. टेबलाभोवती पाच-सहा जण असतात आणि होऊ घातलेली चूक पुष्कळदा सर्जनआधी दुसऱ्याच कुणाला तरी दिसते.

अतुल गावंडे यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. बॉस्टनच्या या सर्जनने जागतिक आरोग्य संघटनेसाठी जे काम केलं, ते मात्र आपल्या वादात कधी येत नाही. 2008 मध्ये त्यांच्या गटाने ऑपरेशनच्या वेळी तपासून पाहायच्या 19 मुद्द्यांची यादी आणली. दिल्ली, लंडनपासून टांझानियातल्या इफाकारापर्यंत आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. मोठी गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 वर आली, मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर.

यादीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा अगदी साधा आहे: छेद घेण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. ज्याचा आवाज एकदा खोलीत उमटला, तो गरज पडल्यावर पुन्हा बोलतो. इथे इंग्लंडमध्ये रक्त टिपायची कापडं मोजून मी ‘एक मॉप कमी आहे’ म्हटलं की सर्जन टाके घालणं थांबवतात आणि मॉप सापडेपर्यंत सगळे शोधतात. विदर्भात मी हेच म्हटलं होतं, तेव्हा ‘नीट मोज’ एवढंच उत्तर मिळालं आणि सरांची सुई चालूच राहिली. थिएटरमधल्या मदतनीस मावशी आणि मामा तर तोंडही उघडत नसत.

इंग्लंडला हे शहाणपण सुखासुखी आलेलं नाही. 2005 मध्ये एलेन ब्रोमिली नावाची तरुण आई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेली. भूल दिल्यावर श्वासमार्ग बंद झाला. नळी घालण्याच्या खटपटीत अनुभवी डॉक्टरांना वेळेचं भान राहिलं नाही. नर्सने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याचं साहित्य आणून ठेवलं होतं, दुसरीने आयसीयूत खाट सांगितली होती. काय करायला हवं ते त्यांना कळलं होतं, पण डॉक्टरांना ठासून कसं सांगायचं ते कळेना. एलेन वाचली नाही. तिचा नवरा मार्टिन वैमानिक होता. विमान अपघातानंतर होते तशी चौकशी त्याने मागितली आणि पुढे याच प्रश्नावर संस्था उभी केली. इथे अजूनही चुकीच्या बाजूचं ऑपरेशन होतं, पण अशा घटना नोंदल्या जातात आणि आकडे जाहीर होतात.

नुसती यादी भिंतीवर लावून भागत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ती सक्तीची केल्यावर 101 रुग्णालयांची पाहणी झाली. 2014 मध्ये निष्कर्ष आला की मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. पेशंट वॉर्डात गेल्यावर एका दमात यादीच्या सगळ्या चौकोनांत टिक केलेली मी विदर्भात पाहिली आहे. त्या कागदाने कुणाचा जीव वाचणार?

‘आमच्याकडे सर्जनच हॉस्पिटलचा मालक असतो, सिस्टर बोलली तर तिची नोकरी जाईल,’ असं माझी वर्धेची मैत्रीण म्हणते. खरं आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न नियमांनी सोडवायचा आहे. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं. त्याच नियमांत, सुरक्षेचा मुद्दा मांडणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यासाठी काढता येणार नाही, असं कलम हवं. मॉप, सुया आणि हत्यारांची मोजणी जुळल्याचं स्क्रब नर्सने सांगेपर्यंत टाके पुरे करू नयेत, हेही त्यात यावं. आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या समितीने थिएटरमधल्या सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी यांचे जबाब वेगवेगळे, सर समोर नसताना घ्यावेत.