‘नर दिला नाही म्हणून मादी दगावली’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

गंगापूर रोडवरील आमच्या दुकानातून नेलेल्या तिन्ही एंजलफिश माद्या निघाल्या, नर नसल्यामुळे एकीची अंडी पोटातच अडकून ती दगावली आणि ही गोष्ट आम्ही लपवली, असे आपण लिहिले आहे. वर्षभर जीव लावलेला मासा गेल्याचे दुःख मोठे असते, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण ती पिल्ले नेली तेव्हा ती रुपयाच्या नाण्याएवढी होती. त्या वयात एंजलमधील नर-मादी ओळखता येत नाहीत. खात्री पटते ती अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली दिसणाऱ्या नळीवरून, जी मादीत जाड व बोथट, तर नरात बारीक व टोकदार असते. तरीही ‘सगळ्या माद्याही निघू शकतात’ हे आम्ही सांगायला हवे होते, ते राहिले.

मात्र नराअभावी मादी मरते, हे खरे नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, तसेच सिक्लिड कुळातील या माशांचे आहे. गाभोळी तयार होते ती वय, खाणे आणि पाण्याची ऊब यांमुळे. नराचे काम अंडी बाहेर आल्यावर ती फलित करण्याचे. आपल्या पहिल्या फोटोत फिल्टरच्या पाइपवर अंड्यांच्या ओळी आहेत आणि दोन माद्या जोडीने त्यांच्यावर परांनी पाणी खेळवत आहेत. अशी अंडी एक-दोन दिवसांत पांढरी पडून त्यांवर बुरशी धरते, पण तो मादीचा आजार नव्हे. न घातलेली अंडीही बहुधा शरीरातच जिरतात. क्वचित ती अडकतात, हे मी नाकारत नाही.

परंतु दुसऱ्या फोटोत फुगलेल्या पोटावरचे खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिलेले आहेत. गाभोळीने पोट गोल होते, खवले असे उभे राहत नाहीत; ही जलोदराची, म्हणजे पोटात पाणी साठण्याची, खूण आहे आणि त्यामागे बहुतेक वेळा आतला जंतुसंसर्ग किंवा निकामी होत चाललेले मूत्रपिंड असते. आपण फोन केला तेव्हा फोटो न मागवताच ‘अंडी असतील, थांबा’ असे आमच्याकडून सांगितले गेले आणि त्यात दोन दिवस वाया गेले. ही चूक आमची आहे, आणि आपण दाखवलेल्या चुकीहून ती मला अधिक गंभीर वाटते. त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

उरलेल्या दोघींसाठी घाईने नर आणू नका. आजार झालेल्या टाकीत नवा मासा सोडणे धोक्याचे आहे. नाशिकच्या थंडीत हीटर रात्रंदिवस चालू ठेवून पाणी २६ ते २८ अंशांवर राहू द्या, पांढरी अंडी काढून टाका, आणि त्या वरचेवर अंडी घालत असतील तर खाणे थोडे कमी करा. टाकीतले बाटलीभर पाणी दुकानात घेऊन या. माशांच्या विष्ठेतून पाण्यात साचणारे अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी घटक मी आपल्यासमोर तपासून देतो. माशाचे पैसेही त्याच वेळी परत करीन.