‘गल्लीचे गोडवे गाणं सोपं असतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

बेळगावातल्या रामलिंगखिंड गल्लीतल्या एका जुन्या घराची माडी विकायची आहे, तीन खोल्या आणि रस्त्यावर उघडणारा सज्जा, असं मी गेल्या आठवड्यात या ब्लॉगवर लिहिलं होतं. त्याखाली ‘एक जुना बेळगावकर’ या नावाने पुढची प्रतिक्रिया आली :

“जाहिरात कवितेसारखी लिहिली म्हणून भिंतीची ओल जात नाही. जिना खडा आहे, गाडी लावायला जागा नाही, आणि नुसत्या माडीचा वेगळा उतारा निघणार का, याबद्दल अवाक्षर नाही. स्वतः हिंदवाडीत बंगल्यात राहून गल्लीचे गोडवे गाणं सोपं असतं.”

महोदय, आपण वेळ काढून वाचलंत, आभार. टोपणनावाबद्दलही तक्रार नाही. पण जुना बेळगावकर म्हणवून घेतलं की बोलायची एक रीत सोबत येते. जुन्या माणसांना घरात दहा उणिवा दिसल्या तरी ती आधी घर कुणाचं, कधीचं, कुणी बांधलं हे विचारायची, मग हळूच म्हणायची, पावसाळ्यात जरा बघून घ्या हं. आपण उंबऱ्यातूनच सुरुवात केलीत. ‘जाहिरात’ म्हणालात. माडी माझ्या मावसभावाची आहे हे मी लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय आणि मला त्यातून दलालीचा एक रुपया मिळायचा नाही. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

ओलीचं आधी उरकतो. लेखातले फोटो एप्रिलमधले आहेत, हे खरं. जुलैत काढले असते तर पश्चिमेची भिंत कोपऱ्यात काळी दिसली असती, हे मान्य. पण कारण घराचं जुनेपण नव्हे. भिंत जांभ्याच्या चिऱ्याची, चांगली हात-दीड हात जाडीची आणि मूळचा गिलावा चुन्याचा. जांभा पाणी पितो, चुन्यातून ते परत सुकून जातं. मधे कधीतरी कुणीतरी बाहेरून सिमेंट चोपडलं, आणि आत शिरलेल्या पाण्याची वाट बंद झाली. ते खरवडून पुन्हा चुना केला की बरंच काम होतं. गवंडी मात्र वयस्क शोधावा लागतो, पोरांना चुना मळता येत नाही. वर मंगलोरी कौलं आहेत. त्या कौलांचा पहिला कारखाना मंगळुरात 1860 च्या दशकात निघाला आणि तेव्हापासून आपल्या मुलखाने पावसाळे त्यांच्याखालीच काढलेत. चार फुटली तर चार बदलायची. स्लॅब गळायला लागला की काय करता, ते आपल्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरीला विचारा.

आता ते शेवटचं वाक्य. बाकी सगळं मी सोडून दिलं असतं.

“स्वतः हिंदवाडीत बंगल्यात राहून.” आपण मला ओळखता असं दिसतं, निदान घराचा पत्ता तरी ठाऊक आहे. मग पुढचंही ऐका. माझा जन्म कडोलकर गल्लीतला. भाड्याच्या दोन खोल्या, माणसं सात, न्हाणी खाली सामायिक. नळाला राकसकोप तलावाचं पाणी येईल त्या वेळेला उठायचं, मग पहाटेचे तीन असोत की चार. हंडे, कळशा, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायची आणि भरलेला हंडा घेऊन जिना चढायचा, तसाच, तुमच्या भाषेतला ‘खडा’ जिना. माझ्या आजोबांनी शेवटपर्यंत तो चढला. दोरीला धरून चढायचे, वर येऊन दम टाकायचे, आणि गॅलरीतून खालच्या माणसाशी अर्धं राहिलेलं बोलणं पुरं करायचे. गल्लीचे गोडवे मी पुस्तकातून उचललेले नाहीत.

अभ्यास मी त्याच गॅलरीत केला. खाली भांड्यांची दुकानं, समोर शिंप्याचं मशीन, गणपत गल्लीकडून भाजीवाल्या बायकांची अखंड वर्दळ. कानडीत भाव सांगायच्या, मराठीत घासाघीस व्हायची, आणि सुट्टे पैसे मोजताना दोघींची भाषा कुठली हे सांगता येत नसे. परीक्षेत मला त्या गोंगाटाने कधी मार्क कमी पडले नाहीत. उलट पुढे नोकरीला बाहेरगावी कॉलनीत राहायला गेलो तर शांततेने झोप येईना.

आणि हिंदवाडीला आम्ही हौसेने गेलो नाही. आईचे गुडघे गेले, तिला दिवसातून एकदाही खाली उतरता येईना, म्हणून गेलो. तुम्ही ज्याला बंगला म्हणताय तो खाली दोन खोल्या आणि वर पत्रा आहे. या, बघून जा, चहा घ्या. पण कुणाच्या आईच्या गुडघ्यांवरून त्याला ढोंगी ठरवायचं असेल तर आधी तोंडावर येऊन बोला. आई गेली तोवर अनंत चतुर्दशीला कडोलकर गल्लीत न्या म्हणायची. हिंदवाडीत तिला सगळं होतं, फक्त खिडकीखालून कुणी जात नव्हतं.

मिरवणुकीचा विषय निघालाच तर : विसर्जनाची मिरवणूक हुतात्मा चौकातून रामदेव गल्ली, समादेवी गल्ली करत रामलिंगखिंड गल्लीत येते, तिथून टिळक चौक, पुढे कपिलेश्वर उड्डाणपूल आणि शेवटी विसर्जनाचा तलाव, कपिलतीर्थ. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी गणपती चाललेलेच असतात. ही माडी त्या वाटेवर आहे. लोक त्या रात्री अशा सज्ज्यात दोन फूट जागा मिळावी म्हणून ओळखी काढतात. त्याला मी सुख म्हटलं तर तुम्ही म्हणता कविता. असेल. तुम्ही गल्लीत शेवटचे रात्री कधी झोपला होता, हे मात्र मला खरंच ऐकायचंय.

राहिला उतारा. घराचं पीआर कार्ड, म्हणजे सिटी सर्व्हेचा मिळकतीचा उतारा आहे, वारसांची नावं चढलेली आहेत, ई-खात्यासाठी, म्हणजे महापालिकेतल्या मिळकतीच्या संगणकीय नोंदीसाठी, अर्ज केलेला आहे. ई-खात्याशिवाय शहरातल्या मिळकतीची खरेदी आता कर्नाटकात नोंदवतच नाहीत, म्हणजे ते झाल्याशिवाय कुणी कुणाला फसवूही शकत नाही. मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार, नोंदणी शुल्क 31 ऑगस्ट 2025 पासून 1 चं 2 टक्के झालंय, हे सगळं मलाही ठाऊक आहे. मूळ खरेदीखत मोडीत आहे म्हणून दुसऱ्या एकांनी शंका काढली होती, त्यांनाही इथेच सांगतो : 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, इथल्या घरांचे जुने कागद मराठीत आणि मोडीत असणारच. मोडी वाचणारी माणसं गावात अजून आहेत. माडीचा हिस्सा वेगळा कसा काढायचा ते घेणाऱ्याचा वकील आणि माझा मावसभाऊ बसून ठरवतील. हा ब्लॉग आहे, सबरजिस्ट्रारची कचेरी नव्हे.

गाडीबद्दल काय बोलायचं? बाजार पायाखाली आहे, कपिलेश्वराचं देऊळ चालत जाण्यासारखं आहे. ज्याला दाराशी गाडी लागते त्याने ही माडी घेऊ नये, इतकं साधं आहे. भाऊराया, तुम्हाला कुणी घ्या म्हटलंय का?

ज्यांना खरोखर बघायची आहे त्यांनी मला मेल करावा, मी भावाचा नंबर देतो. येताना रविवारी सकाळी लवकर या, आणि चारचाकी आत घालू नका, वळवायला जागा मिळायची नाही. लांबच लावून चालत या.