दिवाळीला आमच्याकडे सेल का नसतो

घटस्थापनेपासून आजपर्यंत अकरा जणांनी विचारलं, "ताई, यंदा दिवाळीची ऑफर काय?" प्रत्येकाला "आपल्याकडे सेल नसतो हो" एवढंच सांगितलं. त्यावर एकीनं लिहिलं, "एवढा कसला माज?" तो शब्द फार लागला. दोन दिवस मनात घोळवला आणि आज लिहायला बसले. पोस्ट मोठी झाली आहे, पण कृपया पूर्ण वाचा.

नव्यानं जोडल्या गेलेल्यांसाठी सांगते. पुण्यात धायरीला आमचं गोधड्यांचं काम आहे. जुन्या सुती साड्या, लुगडी, धोतरं वापरून हातानं शिवलेल्या गोधड्या. आठ जणी शिवतात, बहुतेकजणी आपापल्या घरी बसून. काही लोक घरातल्याच साड्या आणून देतात. बाकीच्या आम्ही भांडीवाल्या बायकांकडून घेतो. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत पेठांमधून, सोसायट्यांमधून त्या फिरतात. त्यांच्या गाठोड्यातून पॉलिस्टर बाजूला काढायचं, सुती निवडायचं, फॉल उसवायचे, रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं. मग थर लावून टाचायचे आणि कडेपासून आत आत येत धावदोरा घालत जायचा. डबल बेडच्या एका गोधडीला एका बाईचे रोज चार-साडेचार तास असे बारा-तेरा दिवस जातात.

आता पैशांचं. हे सहसा कुणी उघड करत नाही, मी करते. ही गोधडी आम्ही ७,००० रुपयांना देतो. त्यातले ३,६०० शिवणाऱ्या बाईचे. साड्या, वरचं नवं कापड आणि दोरा मिळून १,१०० होतात. धुलाई, खोलीचं भाडं, वीज, पॅकिंग आणि कुरिअरला आणखी १,१००. उरले १,२००. आठ जणी महिन्याला दोन-दोन, म्हणजे सोळा गोधड्या. त्यावर माझं घर चालतं आणि पुढची कापडखरेदीही त्यातूनच होते.

दहा टक्के सूट दिली तर ७०० रुपये जातात आणि हातात ५०० राहतात. तेवढीच कमाई टिकवायची तर सोळाऐवजी एकोणचाळीस गोधड्या विकाव्या लागतील. ऐकायला दहा टक्के किती किरकोळ वाटतं! आणि लोक दहावर कुठे थांबतात, तीस मागतात. तीस टक्क्यांत प्रत्येक गोधडीमागे ९०० रुपये घरातून घालावे लागतील. म्हणजे विक्री जितकी जास्त, तितका खड्डा खोल. तो भरायला जागा एकच, त्या ३,६०० मध्ये. कापड, भाडं, कुरिअर हे कुणी माझ्यासाठी कमी करणार नाही. कमी घे असं फक्त बाईलाच सांगता येतं, कारण ती "नाही" म्हणत नाही. म्हणूनच तिला ते विचारायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

सेल लावणारे सगळे वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. आषाढात लक्ष्मी रोडला कापडदुकानांत सूट लागते, त्यामागे कारण असतं. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, गिऱ्हाईक कमी होतं, मालात पैसा अडकून पडलेला असतो आणि दिवाळीचा नवा माल भरायचा असतो. पडलेला माल थोड्या कमी भावात काढून भांडवल मोकळं करणं हा सरळ व्यापार आहे. कपड्यांचं काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीही हंगाम संपला की उरलेले साईझ कमी किमतीत देतात, द्यावेच लागतात. गोधडीला हंगाम उलटत नाही आणि आमच्याकडे साठा पडून नसतो. जे अडकलेलं नाही, ते सोडवायला सूट कशाला?

खरा बदल ऑनलाइन सेलनं झाला. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टनं पहिला 'बिग बिलियन डे' केला. मग हळूहळू दसरा-दिवाळी म्हणजे सूट ही आपली सवयच झाली. आता पूर्ण किमतीत वस्तू घेणाऱ्याला आपण फसलो असं वाटतं. ज्यांची किंमत ठरवतानाच पुढची सूट धरलेली असते, त्यांना हे परवडतं. आमच्या किमतीत पहिल्या दिवसापासून अशी फुगवलेली रक्कम नाही. ती घालून, मग खोडून, त्याला भेट म्हणायचं, हे मला जमणार नाही.

एकदा मी सेल केला आहे. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलवर माल ठेवला होता. त्यांचा फोन आला, दसऱ्याच्या सेलमध्ये या, पंचवीस टक्के द्या, तुमचं नाव वर दिसेल. मी हो म्हटलं. चार दिवसांत एकतीस ऑर्डर आल्या आणि तयार होत्या नऊ. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी, ज्यांचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असतो, त्या ट्यूबलाइटखाली रात्री एकपर्यंत शिवत बसल्या. टाका लांबत गेला. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी "होईल गं, नको काळजी करू" म्हणत होत्या. त्या वर्षी दोघींनी घरी फराळच केला नाही. ज्या बायकांच्या हातच्या करंज्या अख्खी गल्ली मागून घेते, त्यांनी पाकिटातला चिवडा आणला. का, तर चार दिवसांत तीस अनोळखी घरांना घाईघाईनं गोधडी हवी होती. त्यातल्या पाच परत आल्या. कारण काय, तर "रंग फोटोसारखा नाही". जुन्या साड्यांची गोधडी दुसरीसारखी कशी असेल? एक तर चहाचा डाग पडून आली. परतीचं कुरिअर आमच्याच माथी. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत पोर्टलवरून एकही ऑर्डर नाही, बायकांच्या हाताला काम नाही. एक महिना जीव तोडून आणि दोन महिने रिकामं. रोजचं थोडं, पण बारा महिने पुरणारं काम, हेच त्यांना हवं असतं.

आणि एक फोन आला होता, तो अजून आठवतो. ऑगस्टमध्ये पूर्ण पैसे देऊन नातवासाठी गोधडी नेलेल्या आजी होत्या. रागावल्या नव्हत्या. "अगं, मी थांबले असते तर पंधराशे-सतराशे वाचले असते की," एवढंच म्हणाल्या. ज्यांनी विश्वासानं आधी पैसे दिले, त्यांनाच मी महाग पाडलं होतं. दुसऱ्या दिवशी फरकाची रक्कम त्यांना परत पाठवली आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

सेलमधली "फक्त दोनच शिल्लक", "सतरा मिनिटं उरली" ही भाषाही मला नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार सांगितले आहेत आणि खोटी घाई निर्माण करणं हा त्यातलाच एक. दहा-पंधरा वर्षं अंगावर घ्यायची वस्तू कुणी सतरा मिनिटांत ठरवावी, असं मला वाटत नाही. घरात आजीची वाकळ असेल तर नवी घेऊच नका. ती घेऊन या, वरून एक थर चढवून देऊ. त्याचे पैसे खूप कमी लागतात.

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग या सणाच्या दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडे हा मोठा सेल असतो. ती पाटी आता आपल्या मॉलमध्येही दिसते, तीही दिवाळीच्या खरेदीनंतर काही आठवड्यांतच. २०११ च्या ब्लॅक फ्रायडेला पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःच्याच जाकिटाचा फोटो छापून "हे जाकीट विकत घेऊ नका" अशी जाहिरात दिली होती. ते जाकीट बनवायला पाणी किती लागतं, कचरा किती होतो, हेही त्यातच लिहिलं होतं. मोठी कंपनी आहे, तिला अशी जाहिरात परवडते असं कुणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. पण गरज नसेल तर घेऊ नका, हे विकणाऱ्यानं सांगावं, ही गोष्ट मला मनापासून पटली.

एका प्रश्नाचं उत्तर देणं मला सगळ्यात अवघड जातं. कर्वेनगरला खोली घेऊन शिकणाऱ्या एका मुलीनं लिहिलं, "ताई, सेल नसेल तर आमच्यासारख्यांनी घ्यायचंच नाही का?" तिचं खरं आहे. सात हजार ही अनेक घरांत महिन्याच्या किराण्याची रक्कम आहे. सेलमध्ये तिला ती गोधडी पाच हजाराला मिळाली असती, पण ती सूट माझ्या मावशींच्या खिशातून गेली असती आणि त्यांचं घर त्या मुलीच्या घरापेक्षा सुखवस्तू नाही. मग मार्ग काढला. ती मुलगी आईच्या पाच साड्या घेऊन आली. सिंगल गोधडी, आतलं-वरचं कापड घरचंच, पैसे चार हप्त्यांत. हे वर्षभर सगळ्यांसाठी आहे, त्याला दसऱ्याचा मुहूर्त लागत नाही. बाळाची दुपटी तर ६०० पासून आहेत.

यंदा वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत काम बंद. त्या आठवड्यात मेसेजला उत्तर उशिरा येईल, समजून घ्या. सध्या नोंदणी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची चालू आहे. साड्या आणणार असाल तर सुतीच आणा आणि घरी वेळ असेल तर फॉल उसवून आणा, आमचा अर्धा दिवस वाचतो.