दानीएलाच्या कारभारात काहीच सापडलं नाही

"देव मन पाहतो" हे वाक्य आपण ख्रिस्ती लोक फार सोयीने वापरतो. क्वायरने सराव न करता उभं राहायचं, संडे स्कूलचा धडा आयत्या वेळी उघडायचा, ऑफिसात टेबलावर काम साचू द्यायचं आणि कुणी बोललंच तर हे वाक्य तयार. मुळात ते बायबलमध्ये देवाने शमुवेल संदेष्ट्याला ऐकवलं होतं; तो इशायाच्या मुलांतून राजा निवडायला गेला तेव्हा, थोरल्याच्या रूपावर आणि उंचीवर भुलू नकोस म्हणून. आणि शेवटी निवडला गेलेला दावीद कसा होता? वीणा वाजवण्यात निपुण, आणि बापाच्या मेंढरांसाठी सिंहाच्या अंगावर जाणारा. कामचुकारांना आधार मिळावा असं त्या अख्ख्या गोष्टीत काही नाही.

दानीएल म्हटलं की सगळ्यांना सिंहांची गुहा आठवते. पण त्याच्या पुस्तकातल्या ६ व्या अध्यायाची सुरुवात सावकाश वाचा. दारयावेश राजाने १२० प्रांताधिकारी नेमले, त्यांच्यावर ३ अध्यक्ष, त्यातला एक दानीएल. राजा त्याला सगळ्या राज्यावर नेमायच्या विचारात होता, म्हणून बाकीच्यांच्या पोटात दुखलं. पण त्यांनी लगेच त्याच्या प्रार्थनेवर बोट ठेवलं नाही. आधी त्याचा कारभार खणून काढला. जळणाऱ्या सहकाऱ्यांनी केलेली तपासणी! याहून कडक ऑडिट कुठलं असणार? कुठे लाच नाही, हयगय नाही, चूक नाही. हात टेकले तेव्हा कुठे ते म्हणाले, याला पकडायचं तर याच्या देवाच्या नियमशास्त्रावरूनच पकडावं लागेल. गुहेवर आपण शंभर प्रवचनं ऐकली असतील. या तपासणीवर किती ऐकली? आपल्यापैकी बहुतेकांना अडकवायला शत्रूंना प्रार्थनेपर्यंत जावंच लागणार नाही, हजेरीपटावरच काम भागेल.

"जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा" हे कलस्सैकरांच्या पत्रातलं वचन आपण कॅलेंडरवर छापतो. प्रेषित पौलाने ते गुलामांना उद्देशून लिहिलंय. ज्यांना ना बढती, ना शाबासकी. तोंडदेखली चाकरी करू नका, असं तो त्यांना सांगतो. गुलामगिरी चांगली होती असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण ज्याचं कौतुक कुणीच करणार नाही त्या कामालाही तो प्रभूची सेवा म्हणतो, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त सलते. कामात हुशार, आवाज गोड, प्रार्थना केली की लोकांच्या डोळ्यांत पाणी; मग तो घरी कसा बोलतो, हाताखालच्यांना कसा वागवतो, पैशांचा हिशोब देतो का, हे कुणी विचारत नाही. "देवाने त्याला वापरलंय ना!" अहो, देवाने शमशोनालाही वापरलं, अफाट ताकदीच्या पण मोहापुढे ढासळणाऱ्या माणसाला. करिंथच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, कुठल्याच कृपादानाची, म्हणजे देवाने दिलेल्या खास देणगीची, उणीव नव्हती, असं पौल पत्राच्या सुरुवातीलाच म्हणतो. आणि दोन पानं उलटली की त्याच लोकांना, तुमच्यातल्या हेव्यामुळे आणि भांडणांमुळे तुम्ही अजून बाळंच आहात, असं सुनावतो. कृपादान एका दिवसात मिळू शकतं. सहनशीलता, सौम्यता, इंद्रियदमन ही फळं आहेत, त्यांना ऋतू जावे लागतात.

यावर ठरलेला आक्षेप येतो: पापातून तारण देवाच्या कृपेने आहे, मग ही धडपड कशाला? पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा पहिलाच अध्याय बघा. जीवनासाठी आणि सुभक्तीसाठी लागणारं सगळं देवाने दिलंय, असं तो आधी सांगतो. आणि लगेच पुढे, म्हणूनच होईल तितका प्रयत्न करून विश्वासात भर घालत जा. सगळं मिळालंय, *म्हणून* झटा. झटून काही मिळवायचंय, असं तो म्हणतच नाही.

धावपटू एरिक लिडेल पुष्कळांना माहीत आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, प्रभूच्या दिवशी, होती म्हणून तो धावला नाही, आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. मला त्याची पुढची गोष्ट जास्त भावते. मिशनरी म्हणून तो चीनला गेला आणि युद्धात जपान्यांच्या नजरकैदेत, वेइशियानच्या छावणीत पडला. तिथे तो मुलांना विज्ञान शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. रविवारी मात्र खेळ बंद. मुलं आपली आपणच हॉकी खेळायला लागली आणि हाणामारीवर आली. तेव्हा हा माणूस रविवारी मैदानात पंच म्हणून उभा राहिला. पदकासाठी न मोडलेला नियम त्याने पोरांसाठी मोडला. याला मी चारित्र्य म्हणतो. १९४५ च्या फेब्रुवारीत, सुटकेच्या काही महिने आधी, तो छावणीतच वारला. वय ४३.

मंडळीत जबाबदारी देताना आपण काय बघतो, हा माझा खरा प्रश्न आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ३ ऱ्या अध्यायात, मंडळीच्या अध्यक्षाची पात्रता दिली आहे. त्यात कौशल्य म्हणावं असं जेमतेम एक: शिकवता येणं. बाकी सगळं स्वभावाचं. भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, घर नीट चालवणारा असावा, पाहुण्यांचं अगत्य करणारा असावा. आणि शेवटी एक अट, जिच्याकडे आपण काणाडोळा करतो: बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. म्हणजे माइक हातात देण्याआधी त्याच्या ऑफिसातल्या, ख्रिस्ती नसलेल्या चार माणसांना विचारायला हवं. मंडळीतल्या पुढच्या निवडणुकीच्या वेळी हे सुचवणार आहे. किती जण नाराज होतील याचा अंदाज आहे मला.