मानेच्या गादीच्या ऑपरेशनबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

‘एमआरआयमध्ये मानेची गादी सरकलेली दिसली की लगेच ऑपरेशन करा, नाहीतर लकवा येतो, ऑपरेशननंतर आठ दिवसांत माणूस पूर्ववत’ असा मेसेज फिरतो आहे. यातलं दोन्ही चुकीचं आहे. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.

चाळिशीनंतर काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते. म्हणून निर्णय नुसत्या फिल्मवर होत नाही, लक्षणं आणि तपासणी जुळावी लागते. नस दबून हातात कळ येत असेल तर बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत औषधं आणि फिजिओथेरपीने आराम पडतो. घाई करायची ती मज्जारज्जू (मेंदूपासून मणक्यांतून खाली जाणारी मुख्य नस) दबल्याच्या खुणा दिसल्या तर: शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं. हाताची ताकद घटत चालली असेल तरीही. तिथे थांबू नका. गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं.

नेहमीच्या शस्त्रक्रियेत गळ्याच्या पुढच्या बाजूने खराब गादी काढतात, तिच्या जागी केज (मणक्यांमधली जागा धरून ठेवणारा छोटा ठोकळा) बसवतात आणि मणके बहुधा प्लेट-स्क्रूने जोडतात. हातातली कळ बऱ्याचदा लवकर थांबते; निव्वळ मानदुखीला मात्र या ऑपरेशनचा भरवसा कमी. गिळायला त्रास, बसलेला आवाज काही आठवडे राहू शकतो. हाड जुळायला ३ ते १२ महिने लागतात आणि सिगारेटमुळे ते न जुळण्याचा धोका वाढतो.

हात वर उचलताना खांद्यातच दुखत असेल, तर आधी खांदा तपासून घ्या. खांद्यातला दोष मानेच्या ऑपरेशनने जात नाही.