‘पाव टक्का महागाई’ आणि महिन्याची यादी

एक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा: ‘महागाईचा दर पाव टक्क्यावर आला. पेट्रोल तीन वर्षांत वाढलं नाही. सिलिंडर तीनशेने उतरला. जीएसटी कमी झाला. बहिणींच्या खात्यात दीड हजार पडतात. तरी महागाईच्या नावाने गळा काढणारे निव्वळ राजकारण करतात.’

यातली बरीचशी वाक्यं सुटी घेतली तर खरी आहेत. पण ती एकाखाली एक लावून ‘म्हणजे घरखर्च कमी झाला’ असं जे सुचवलं जातं, ते त्यातून निघत नाही. एकेक वाक्य घेऊ.

‘महागाईचा दर पाव टक्का’

ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के होता. २०१२ चे भाव १०० धरून मोजलेल्या मालिकेतला तो नीचांक. आकड्यात खोट नाही. फक्त तो भाव सांगत नाही. वर्षभरापूर्वीच्या त्याच महिन्यापेक्षा भाव किती हलले, एवढंच सांगतो. म्हणून आधीचा ऑक्टोबर कसा होता ते पाहिल्याशिवाय तो वाचायचाच नसतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एकूण दर ६.२१ टक्के होता आणि भाजीपाला तब्बल ४२.१८ टक्क्यांनी चढला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच भाजीपाला २७.५७ टक्क्यांनी उतरला. आता कागदावर मांडा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिशवीभर भाजी १०० रुपयांची. वर्षाने ती १४२.१८ झाली. त्यातून २७.५७ टक्के, म्हणजे ३९.२० रुपये, वजा केले की १०२.९८ उरतात. ‘भाज्या साडेसत्तावीस टक्क्यांनी स्वस्त’ या मथळ्याखालची भाजी दोन वर्षांपूर्वीपेक्षा तीन रुपयांनी महागच आहे. चढताना टक्के शंभरावर धरले जातात आणि उतरताना एकशे बेचाळीसवर, त्यामुळे ही गफलत सहज खपते.

एकूण निर्देशांकाचं तेच. १०० चे १०६.२१ झाले आणि पुढे त्यात पाव टक्क्याची भर पडली, म्हणजे १०६.४८. ऑक्टोबर २०२३ मध्ये २०,००० रुपयांत होणारी यादी ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे २१,३०० ला जाते. या दोन वर्षांत ज्यांचा पगार जागेवरच राहिला, त्यांना दर पाव टक्का असला काय आणि शून्य असला काय, वरचे तेराशे दर महिन्याला काढावेच लागतात.

शिवाय सरासरीच्या आत काय दडलंय तेही बघावं. भाजी उतरली त्याच महिन्यात खाद्यतेल वर्षभरात अकरा टक्क्यांच्या आसपास चढलेलं होतं. त्यामागे एक ठरावीक निर्णय आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं प्रभावी (उपकर धरून) आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं गेलं. सोयाबीनला हमीभावही मिळत नव्हता आणि महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक तोंडावर होती. मे २०२५ अखेर ते १६.५ वर आणलं. शेतकऱ्याला दिलासा देणारा निर्णय स्वयंपाकघरात महागाई होऊन येतो. हे उघड मांडलं असतं तर त्यावर नीट वाद तरी घालता आला असता. प्रत्यक्षात शेतकरी मेळाव्यात शुल्कवाढ सांगतात आणि महिला मेळाव्यात शुल्ककपात.

ही टोपली कुणाची?

तो पाव टक्का वस्तू-सेवांच्या ज्या टोपलीवर काढला, ती २०११-१२ च्या कुटुंबखर्च पाहणीवरून भरलेली होती. तिच्यात खाण्यापिण्याला ४५.८६ टक्के वजन, ग्रामीण भागात ५४.१८ आणि शहरी भागात ३६.२९. आरोग्याला ५.८९, शिक्षणाला ४.४६. म्हणजे कांदा, बटाटा, टोमॅटो कोसळले की टोपली हलकी होते आणि दोन मुलांची फी भरणाऱ्या घरालाही तोच आकडा लागू पडतो. या घराच्या खर्चात शिक्षण चार-साडेचार टक्के नसतं, ते वीस टक्केही असू शकतं. ग्रामीण निर्देशांकात तर घरभाड्याचा रकानाच नव्हता.

कर्जाचा हप्ता या निर्देशांकात कुठेच येत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ३० लाखांचं, २० वर्षांचं कर्ज ७ टक्क्यांनी असेल तर हप्ता २३,२५९ रुपये, ९.५ टक्क्यांनी २७,९६४. महिन्याला ४,७०५ चा फरक. बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात, म्हणून तो लगेच जाणवत नाही. पण कर्ज नवं असेल तर ९.५ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच २३,७५० होतं. जुना हप्ता त्यालाही पुरत नाही. २०२५ मध्ये रेपो पुन्हा खाली आला, तरी लांबलेली मुदत बऱ्याच जणांनी तपासलेली नसते. बँकेकडून परतफेडीचं वेळापत्रक मागवा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख पहिल्या मंजुरीपत्रातल्या तारखेशी ताडून बघा.

‘पेट्रोल वाढलं नाही, सिलिंडर उतरला’

या नाटकातला सगळ्यात सफाईने रंगवलेला प्रवेश हा आहे. मार्च आणि मे २०२० मध्ये कच्चं तेल कोसळलं, तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर एकूण १३ रुपये आणि डिझेलवर १६ रुपये वाढवलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवरचे ५ आणि डिझेलवरचे १० कमी केले. मे २०२२ मध्ये आणखी ८ आणि ६. बेरीज करा: पेट्रोल १३, डिझेल १६. दोन वेळा ‘ऐतिहासिक दिलासा’ म्हणून जे मिळालं ते आधी घेतलेलंच होतं, पैशाला पैसा. मग ८ एप्रिल २०२५ ला शुल्क पुन्हा २ रुपयांनी वाढलं. पंपावरचा भाव हलला नाही, कारण तेव्हा कच्चं तेल उतरत होतं आणि ती उतरण ग्राहकापर्यंत येण्याआधीच कर म्हणून गोळा झाली. ‘वाढलं नाही’ हे खरं. ‘उतरायला हवं होतं, उतरलं नाही’ हेही तितकंच खरं, पण त्याचा फॉरवर्ड होत नाही.

तारखा पाहिल्या की नेपथ्य दिसतं. रोजच्या रोज भाव बदलण्याची पद्धत जून २०१७ पासून आहे. तरीही मे २०१८ मध्ये कर्नाटकच्या मतदानाआधी जवळजवळ तीन आठवडे भाव गोठले होते. १५ मार्च २०२४ ला पेट्रोल २ रुपयांनी उतरलं आणि १६ मार्चला लोकसभेचं वेळापत्रक जाहीर झालं. सिलिंडर ऑगस्ट २०२३ अखेर २०० रुपयांनी आणि ८ मार्च २०२४ ला १०० रुपयांनी उतरला. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी चढला. शेवटची ओळ मजकुरात नसते. मे २०२० पासून साध्या ग्राहकाच्या खात्यात येणारं अनुदान बंद झालं, तीही नसते.

हा खेळ एकाच पक्षाने शोधलेला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये तेव्हाच्या सरकारने अनुदानित सिलिंडर वर्षाला सहावर आणले, जानेवारी २०१३ मध्ये नऊ केले आणि लोकसभा निवडणूक दारात असताना जानेवारी २०१४ मध्ये बारा.

‘खात्यात दीड हजार पडतात’

‘लाडकी बहीण’ योजनेचे हे पैसे पडतात, आणि ज्या घरात बाईच्या हातात स्वतःचा रुपया नव्हता तिथे त्याची किंमत मोठी आहे. त्याला हिणवण्यात अर्थ नाही. अडचण दुसरी आहे: ही रक्कम महागाईशी बांधलेली नाही. भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढले तर तीन वर्षांनी या १,५०० मध्ये आजच्या १,२९६ रुपयांइतकाच माल येईल.

शिवाय समोरून काय वसूल झालं तेही मांडायला हवं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. जानेवारी २०२५ अखेर एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, १ फेब्रुवारीला मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ झालं, ९ मे रोजी बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट ५ वरून १०. घर ते स्टेशन रोज दोन फेऱ्या, महिन्याला २६ दिवस धरले तर एका माणसामागे २६० रुपये वाढले. नवरा-बायको दोघं जाणारी असतील तर ५२०. दीड हजारातला एक तृतीयांश बसमध्येच उतरला. भाडं वाढवायला कारणं होती. एसटी आणि बेस्ट दोन्ही तोट्यात आहेत. पण ती कारणं ऑक्टोबर २०२४ मध्येही होती.

२०२२ च्या दिवाळीतला ‘आनंदाचा शिधा’ आठवा. १०० रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. चार माणसांच्या घरात महिन्याला तेल अडीच-तीन लिटर लागतं, म्हणजे पिशवीतलं तेल दहा-बारा दिवसांचं. पिशवीवरचे नेत्यांचे फोटो मात्र पुढे कितीतरी दिवस टिकले.

‘जीएसटी कमी झाला’

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, तूप, लोणी ५ टक्क्यांवर आले. फायदा झाला, पण एकदाच. किंमत एक पायरी खाली येते आणि तिथून पुन्हा चढू लागते. आणि घरखर्चातल्या मोठ्या बाबींवर हा कर मुळात नव्हताच: राहत्या घराचं भाडं, शाळेची फी, डॉक्टरची तपासणी, सुटं धान्य, भाजी, साधं दूध. पेट्रोल-डिझेल तर जीएसटीच्या बाहेरच आहे. ज्यावर कर नव्हता त्यावर सवलत कुठून येणार?

‘निव्वळ राजकारण’

विरोधकही नाटक करतात, हे मान्य. १९७३ मध्ये पेट्रोल दरवाढीविरुद्ध अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. तेव्हापासून सायकल, कांद्याच्या माळा, रिकामे सिलिंडर असं साहित्य सत्ता बदलली की एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जातं. पण रस्त्यावरचा प्रत्येक आवाज म्हणजे नाटक नव्हे. १९७२ नंतर मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या लाटणे मोर्च्यांत लाटणं हे नेपथ्यच होतं. पण मागणी रेशन, रॉकेल, तेल अशी नावानिशी असायची आणि जाब विचारायला नेमका मंत्री गाठला जायचा. समोरचा आंदोलक कोणत्या वस्तूबद्दल, कुणाकडे, किती मागतोय हे विचारलं की फरक लगेच कळतो.

आपल्या घराचा दर कसा काढायचा

मागच्या वर्षीच्या एका महिन्याची बिलं घ्या, त्याच महिन्याची यंदाची घ्या. मागच्या वर्षीचं प्रमाण तसंच ठेवायचं: तेल ३ लिटर, तूरडाळ २ किलो, दूध ४५ लिटर, जे असेल ते. त्या प्रमाणाला आधी जुन्या भावाने गुणून बेरीज करा, मग नव्या भावाने. नव्या बेरजेला जुनीने भागा, शंभराने गुणा, शंभर वजा करा. आलेला आकडा हा तुमच्या घराचा दर.

बहुतेकांचं चुकतं ते प्रमाणात. पाहुणे आले, दूध जास्त लागलं, बिल फुगलं. ही महागाई नव्हे. उलट बाजूने, तूरडाळ परवडेना म्हणून मसूर आणली आणि बिल तेवढंच राहिलं, तर ती महागाई आहे, फक्त बिलात दिसत नाही. फी, विमा, सोसायटीचा वार्षिक आकार, मालमत्ता कर यांना बाराने भागून दर महिन्यात घाला. नाहीतर जून भयंकर दिसतो आणि डिसेंबर उगाच स्वस्त. सणाचा महिना सणाच्याच महिन्याशी ताडायचा. गणपती-दिवाळी तिथीप्रमाणे पुढेमागे होतात, तेव्हा दोन-दोन महिने एकत्र धरलेले बरे. कर्जाचा हप्ता वेगळ्या ओळीत लिहा, डाळ-तेलात मिसळू नका.

आणि पाकिटाची किंमत न लिहिता दर शंभर ग्रॅमचा भाव लिहा. समजा १० रुपयांची १०० ग्रॅमची वडी आता ८८ ग्रॅमची झाली. किंमत दहाच, पण वाढ १३.६ टक्क्यांची. निव्वळ वजन बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरात सापडेल.